बाई, हा फोटो खरा आहे का?

जून 2024 मधली गोष्ट. शाळा सुरू होऊन दोन-तीनच दिवस झाले होते. चौथीच्या वर्गात ‘सुट्टीत काय काय पाहिलं?’ हा आमचा दरवर्षीचा तास चालू होता. कुणी मामाच्या गावची विहीर सांगितली, कुणी जत्रेतला आकाशपाळणा. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा हातात चित्र घेऊन उठला. काळं आकाश, खाली डोंगर आणि डोंगरामागे लाल खडूने घासून घासून काढलेला भला मोठा पट्टा.

“बाई, हे लडाखचं आकाश आहे. वडिलांच्या मोबाइलवर फोटो आला होता, तो बघून काढलंय.”

मी चित्र पाहिलं आणि पटकन बोलून गेले, “अरे, असले फोटो कॉम्प्युटरवर रंगवतात. असं आकाश ध्रुवाजवळ दिसतं. लडाखमध्ये कुठलं दिसायला!”

वर्ग हसला. तो खाली बसला. चित्र घडी होऊन दप्तरात गेलं.

संध्याकाळी घरी आले, पण ते घडी घातलेलं चित्र काही डोक्यातून जाईना. म्हणून शोधाशोध केली, आणि काय सांगू मुलांनो, फोटो खरा निघाला! लडाखमध्ये हानले नावाचं गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटर उंचावर. तिथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिथल्या कॅमेऱ्याने 10 मे 2024 च्या रात्री, म्हणजे 11 तारखेच्या पहाटेपर्यंत, उत्तरेच्या क्षितिजावर लाल प्रकाश टिपला होता. ध्रुवीय प्रकाश! इंग्रजीत ज्याला ‘ऑरोरा’ म्हणतात, तोच.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून सांगितलं, “काल मी चुकले. चित्र बरोबर होतं.” मला वाटलं, तो खूश होईल. पण तो गडी विचारतो काय, “बाई, मग तिथल्या माणसांना डोळ्यांनी असंच लालभडक दिसलं का?”

आता मात्र मी घाईने उत्तर दिलं नाही. “शोधून सांगते,” म्हणाले. ते शोधताना मी थेट नॉर्वे देशात, सव्वाशे-दीडशे वर्षांमागे जाऊन पोचले. तिथे जे सापडलं ते त्या मुलाला सांगितलंच, आता तुम्हालाही सांगते.

आधी थोडं या प्रकाशाबद्दल. सूर्य आपल्याला नुसती उष्णता आणि उजेडच देतो असं नाही. त्याच्यातून विजेने भारलेल्या अतिसूक्ष्म कणांचा झोत सतत बाहेर पडत असतो. त्याला सौर वारा म्हणतात. आपली पृथ्वी म्हणजे एक मोठा लोहचुंबकच. या चुंबकामुळे ते कण सरळ आपल्या डोक्यावर येत नाहीत. वळतात आणि उत्तर व दक्षिण ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यांत वातावरणात शिरतात. तिथे हवेतल्या ऑक्सिजनला, नायट्रोजनला धडकतात आणि हवा उजळते. ट्यूबलाइटमध्ये साधारण असंच घडतं, फक्त इथे नळी आकाशाएवढी! ऑक्सिजनमुळे हिरवा रंग येतो, त्याहून खूप उंचावर त्याच ऑक्सिजनचा लाल. नायट्रोजनमुळे कधी कधी खालच्या कडेला जांभळट-गुलाबी झालर दिसते. पडदे हलावेत, धूर वळावा, तसा हा प्रकाश आकाशात हलत असतो. हे ‘हलणं’ लक्षात ठेवा हं, कारण फोटो काढणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळलं ते त्यानेच.

एका मास्तरांची हार

सोफुस ट्रॉमहोल्ट हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. मीही ऐकलं नव्हतं. हे मूळचे डेन्मार्कचे आणि नॉर्वेतल्या बर्गन शहरात शाळेत शिकवायचे. म्हणजे माझे जातभाईच! त्यांना ध्रुवीय प्रकाशाचं भारी वेड. 1882-83 साली अनेक देशांनी मिळून ध्रुवाकडच्या प्रदेशांचा एकाच वेळी अभ्यास करायचं ठरवलं. त्या वेळी ट्रॉमहोल्ट नॉर्वेच्या अगदी उत्तरेला कौतोकेनो नावाच्या गावी जाऊन राहिले. तिथे सामी लोक राहतात, रेनडिअर पाळणारे. कडाक्याचा हिवाळा, दिवसाचा म्हणावा तर सूर्यच उगवत नाही अशा काळात हे मास्तर रात्र रात्र आकाशाकडे बघत बसायचे.

त्यांना एक प्रश्न सोडवायचा होता. हा प्रकाश जमिनीपासून किती उंच असतो? तेव्हा यावर भांडणं होती. कुणी म्हणे, तो ढगांच्याही खूप वर असतो. कुणी शपथेवर सांगे, “मी तो डोंगरमाथ्याला टेकलेला पाहिलाय.” कुणाला तर तो जमिनीपर्यंत आलेला दिसला होता! आता आकाशात दोरी टाकून थोडंच मोजता येतं?

एक युक्ती होती. दोन माणसांनी दोन दूरच्या गावांतून एकाच वेळी तोच प्रकाश पाहायचा आणि तो किती कोनात दिसतो ते मोजायचं. बोसेकोप या गावी नॉर्वेचंच एक निरीक्षण केंद्र होतं. ट्रॉमहोल्ट इकडून बघत, बोसेकोपचे लोक तिकडून. पण अडचण अशी की, पडदा सतत हलतोय. मी बघतेय ती घडी आणि तुम्ही बघताय ती घडी एकच, हे सांगायचं कसं? डोळ्यांनी पाहिलेलं दाखवता येत नाही. फोटो दाखवता येतो.

म्हणून त्यांनी कॅमेरा नेला होता. त्या काळी फिल्म नव्हती. रसायन लावलेली काचेची प्लेट कॅमेऱ्यात घालायची आणि झाकण उघडून तिच्यावर उजेड पडू द्यायचा. ट्रॉमहोल्ट यांनी ध्रुवीय प्रकाशासमोर प्लेट उघडली, थांबले, बंद केली, धुऊन पाहिली. काहीच नाही. पुन्हा पुन्हा तेच. तो मंद उजेड त्या प्लेटवर डागसुद्धा उमटवीना.

मग त्यांनी काय केलं? कॅमेरा गुंडाळून ठेवला नाही. दिवसाच्या उजेडात तो सामी शेजाऱ्यांकडे वळवला. म्हातारे, बाया, पोरंटोरं, सगळ्यांचे फोटो काढले आणि अनेकांची नावंही लिहून ठेवली. आज हे फोटो बर्गन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि 2013 मध्ये युनेस्कोने त्यांना जगाच्या आठवणींच्या ठेव्यात जागा दिली. गेले होते आकाशाचा फोटो काढायला, मिळाली माणसं. मला तर हे वाचून फार बरं वाटलं.

पुढे दहा वर्षांत प्लेटा सुधारल्या. 1892 च्या हिवाळ्यात मार्टिन ब्रेंडेल आणि ओटो बाशिन हे दोन जर्मन त्याच बोसेकोपला आले आणि ब्रेंडेल यांना ध्रुवीय प्रकाशाचा फोटो मिळाला. पुसट, धुरकट, पण मिळाला. उंची मोजायला मात्र तो पुरेसा नव्हता. त्यासाठी आकाशातले तारेही स्पष्ट उमटायला हवे होते. का, ते आता कळेल.

जाकिटातला कॅमेरा

कार्ल स्टॉर्मर हा नॉर्वेतला गणिताचा हुशार विद्यार्थी. जन्म 1874 चा. कॉलेजात असताना त्याला एक अजब कॅमेरा मिळाला. थाळीसारखा चपटा, जाकिटाच्या आत लपवायचा. भिंग तेवढं बटणाच्या काजातून डोकावणार आणि खिशातली दोरी ओढली की फोटो! हा पठ्ठ्या राजधानीच्या रस्त्यावरून फिरायचा, ओळखीचं कुणी भेटलं की टोपी काढून नमस्कार करायचा आणि समोरचा हसून उत्तर देतो न देतो तोच दोरी ओढायचा. असे सुमारे पाचशे फोटो त्याने काढले. नाटककार इब्सेन यांचाही त्यात फोटो आहे. (पालकहो, आज कुणाला न विचारता असा फोटो काढणं बरं नव्हे, हे मी वर्गातही सांगितलं. मुलांनी मान डोलावली. पण प्रत्येकाच्या डोळ्यांत तो कॅमेरा चमकत होता, हेही खरं.)

पुढे स्टॉर्मर गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच विद्यापीठात क्रिस्टियान बिर्कलंड नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी काचेच्या पेटीतली हवा काढून टाकली, आत पृथ्वी म्हणून एक चुंबकाचा गोळा टांगला आणि त्यावर विजेचे कण सोडले. गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांजवळ प्रकाशाची वलयं उमटली! टेबलावरचा ध्रुवीय प्रकाशच तो. ते पाहून स्टॉर्मर यांना नाद लागला. हे कण कुठल्या वाटेने येत असतील, याची गणितं त्यांनी कागदावर हाताने, वर्षानुवर्षं सोडवली. पण गणित बरोबर की चूक, हे ठरवायला खरी उंची हवी. म्हणजे फिरून ट्रॉमहोल्ट मास्तरांचाच प्रश्न!

1909 च्या सुमारास त्यांनी वेगवेगळी भिंगं आणि वेगवेगळ्या प्लेटा आजमावून पाहिल्या. शेवटी उपयोगी पडलं ते सिनेमाच्या कॅमेऱ्याचं भिंग. छोटंसंच, पण त्याचं तोंड त्याच्या मानाने मोठं, त्यामुळे भरपूर उजेड आत घेणारं. आता मिनिटं नव्हे, काही सेकंदांत फोटो येऊ लागला. पडदा हलून पुसट व्हायच्या आत काम फत्ते! आणि मागचे ठळक तारेही त्याच प्लेटवर.

मुलांनो, आता इथे जरा थांबा आणि एक गंमत करा. हात लांब करून अंगठा समोर धरा. एक डोळा मिटून अंगठा खिडकीच्या कुठल्या गजासमोर दिसतो ते पाहा. आता तो डोळा उघडा आणि दुसरा मिटा. अंगठा टुणकन बाजूच्या गजावर गेला ना? अंगठा हलला नाही; पाहण्याची जागा बदलली. आता अंगठा नाकाजवळ आणून तेच करा. उडी आणखी मोठी. म्हणजे वस्तू जितकी जवळ, तितकी तिची उडी मोठी. उडी मोजली की अंतर कळतं.

स्टॉर्मर यांनी हेच केलं. दोन डोळ्यांच्या जागी दोन कॅमेरे, अंगठ्याच्या जागी ध्रुवीय प्रकाश आणि गजांच्या जागी तारे. तारे इतके दूर की दोन्हीकडून अगदी त्याच जागी दिसतात.

1910 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ते बोसेकोपला गेले. एका ठिकाणी एक कॅमेरा, सुमारे सव्वाचार किलोमीटरवर दुसरा आणि मध्ये टेलिफोनची तार. अंगात जाडजूड केसाळ कोट, कानाला टेलिफोन. एकजण सांगणार, “अमुक ताऱ्याकडे तोंड करा... तयार... आता!” त्याच क्षणी दोन्हीकडे झाकण उघडायचं, त्याच क्षणी बंद करायचं. ट्रॉमहोल्ट यांची अडचण या एका ‘आता’ने सोडवली. मग दोन्ही प्लेटा धुऊन शेजारी शेजारी ठेवायच्या. तारे तेच, पण प्रकाशाचा पडदा या प्लेटवर एका ताऱ्याजवळ, तर त्या प्लेटवर जरा सरकलेला.

पण शंभर किलोमीटर उंचीवरच्या वस्तूसाठी सव्वाचार किलोमीटर म्हणजे फारच कमी. उडी पडते जेमतेम अडीच अंश, पाच पौर्णिमेचे चंद्र ओळीत मांडले तर होईल एवढी. म्हणून 1913 मध्ये ते पुन्हा आले आणि या वेळी दोन कॅमेऱ्यांमध्ये सत्तावीस किलोमीटरहून थोडं जास्त अंतर ठेवलं. आता उडी मोठी, म्हणून मोजमाप पक्कं.

उत्तर काय आलं? पडद्याची खालची कड साधारण शंभर किलोमीटरच्या आसपास. डोंगरमाथा नाही, ढग नाहीत, शंभर किलोमीटर! विमान उडतं त्याच्या जवळपास दहापट उंच. डोंगराला टेकलेला दिसतो तो केवळ डोंगर मध्ये येतो म्हणून. नंतर कित्येक वर्षं स्टॉर्मर यांनी दक्षिण नॉर्वेत अशीच केंद्रं टेलिफोनने जोडून हजारो फोटो घेतले. काही किरणं तर उन्हात न्हालेल्या उंच हवेत एक हजार किलोमीटरपर्यंत गेलेली सापडली. ते 1957 मध्ये वारले.

मैदानावरचा प्रयोग

हे सगळं सांगितल्यावर वर्ग कुठला गप्प बसतोय! “बाई, आपण करू या.” मग आम्ही केलं. आमच्या शाळेचा झेंड्याचा खांब हा आमचा ध्रुवीय प्रकाश. लांबच्या डोंगरावरची झाडं हे आमचे तारे. दोन मोबाइल (एक माझा, एक शिपाईमामांचा), दहा पावलांच्या अंतरावर दोन मुली आणि टेलिफोनच्या ‘आता’ऐवजी माझी शिट्टी. शिट्टी वाजली, दोन्ही फोटो निघाले. एका फोटोत खांब एका झाडासमोर, दुसऱ्यात पार भलत्याच झाडासमोर.

उडी मोजायला आम्ही मूठ वापरली. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची असते. त्यासाठी मी मुलांना एक सोपा हिशेब दिला: एक मूठ उडी पडली, तर दोन कॅमेऱ्यांतल्या अंतराच्या साधारण सहापट लांब वस्तू आहे. दीड मूठ पडली तर चौपट. खांबाची उडी दीड मूठ भरली. दहा पावलं गुणिले चार, चाळीस पावलं. मग प्रत्यक्ष पावलं टाकून मोजलं तर छत्तीस. चार पावलांची चूक. मुलं हिरमुसली, पण मी म्हटलं, “मुठीने मोजून एवढं आलं, हे काय कमी आहे?” मग फळ्यावर लिहिलं: सत्तावीस किलोमीटर, प्रकाश डोक्यावर असताना उडी साधारण दीड मूठ. एका मुलीने तोंडीच केलं, “सत्तावीस चोक एकशे आठ.” आणि स्वतःच दचकली. बोसेकोपचं उत्तर तिच्या पाढ्यातून निघालं होतं!

डोळा आणि कॅमेरा

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. डोळ्यांना तसंच दिसतं का?

गळक्या नळाखाली वाटी धरली आहे असं समजा. आपला डोळा ही वाटी क्षणाक्षणाला रिकामी करतो, म्हणून तिच्यात थेंब-दोन थेंबच साठतात. कॅमेरा मात्र दहा सेकंद झाकण उघडं ठेवून सगळे थेंब साठवतो आणि मग दाखवतो. शिवाय अंधारात आपल्या डोळ्यातला रंग ओळखणारा भाग जवळजवळ झोपी जातो. जागा राहतो तो फक्त काळं-पांढरं ओळखणारा. म्हणून मंद ध्रुवीय प्रकाश डोळ्यांना राखाडी ढगासारखा वाटतो आणि त्याच क्षणी कॅमेऱ्यात हिरवागार येतो. प्रकाश चांगला जोरात असेल तर मात्र हिरवा रंग डोळ्यांनाही छान दिसतो; लाल दिसायला त्याहून अवघड. हल्ली आपली मराठी मंडळीही सहलीने नॉर्वेला ट्रॉम्सोपर्यंत जातात. त्यांच्यातलं कुणी परत येऊन “फोटोतल्याइतकं काही दिसलं नाही बुवा,” असं म्हणालं, तर ते खोटं बोलत नसतात आणि फोटोही खोटा नसतो. कॅमेऱ्याने रंग बनवलेला नसतो, साठवलेला असतो. नंतर कॉम्प्युटरवर कुणी त्यात आणखी रंग ओतला, तर ती गोष्ट वेगळी. तसंही पुष्कळ जण करतात, म्हणून माझी पहिली शंका अगदीच चुकीची नव्हती, असं मी स्वतःची समजूत घालायला म्हणते.

हे फोटो आज कसे काढतात? कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवतात, कारण हातात धरला तर पाच सेकंदांत सगळं हललंच म्हणून समजा. भिंग रुंद आणि मोठ्या तोंडाचं. आपोआप फोकस होणारी सोय बंद करून एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने फोकस जुळवतात. अंधारात कॅमेरा बिचारा आपण कुठे बघायचं तेच शोधत राहतो. प्रकाश संथ असेल तर दहा-पंधरा सेकंद, भराभर नाचत असेल तर दोन ते पाच. उजेड ओळखण्याची तीव्रता, म्हणजे आयएसओ, 1600 ते 3200 च्या आसपास. बटण दाबतानासुद्धा धक्का बसतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावतात.

गमतीची गोष्ट म्हणजे, भिंगावर संरक्षणासाठी लावलेली साधी सपाट काच आठवणीने काढून ठेवावी लागते. ती राहिली तर फोटोच्या मध्यभागी एकात एक अशी गोल वलयं उमटतात. हिरवा ध्रुवीय प्रकाश अगदी शुद्ध एकाच छटेचा असतो आणि तो काचेच्या दोन पृष्ठभागांमध्ये मागे-पुढे उसळून ही वलयं काढतो. पहिल्यांदा गेलेल्या कितीतरी जणांच्या रात्री या काचेने वाया घालवल्या आहेत.

आणि थंडी! थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. म्हणून जादा बॅटरी स्वेटरच्या आत, अंगाच्या उबेला ठेवतात. भिंगावर श्वास गेला की त्याचं बर्फ होतं. सगळं आटोपून उबदार खोलीत शिरताना कॅमेरा आधी बाहेरच पिशवीत घट्ट बांधून मग आत आणायचा. नाहीतर फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतो तसा घाम त्याला सुटतो आणि पाणी आत शिरतं.

आपल्याकडे ध्रुवीय प्रकाश नाही, तारे तर आहेत! फेब्रुवारीत एका रात्री मी आमच्या अंगणात मोबाइल दोन विटांच्या मध्ये उभा केला, रात्रीच्या फोटोची सोय चालू केली आणि मृग नक्षत्राचा फोटो घेतला. पहिला हलला. दुसऱ्यात शेजारच्यांनी दिवा लावला. तिसरा जमला. डोळ्यांनी मोजले त्याहून किती तरी जास्त तारे त्यात होते आणि मृगातला एक तारा चक्क तांबूस होता. तो तांबूस आहे हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण लक्ष देऊन कधी पाहिलंच नव्हतं. फोटो पाहून पुन्हा वर बघितलं, तर खरंच, डोळ्यांनाही तांबूस दिसला! पालकांनी एखाद्या सुट्टीच्या रात्री गच्चीवर मुलांसोबत हे जरूर करावं. तिपाई नसली तर विटा चालतात.

मग हानलेला लालच का?

एक गोष्ट राहिलीच. नॉर्वेत हिरवा, मग लडाखमध्ये लाल कसा?

इथे स्टॉर्मर यांची उंची कामाला येते. पृथ्वी गोल आहे. समुद्रात दूर गेलेल्या गलबताचं आधी खालचं अंग दिसेनासं होतं, शीड मागाहून. तसंच ध्रुवीय प्रकाशाचं. हिरवा भाग शंभर किलोमीटर उंचीवर. तो अकराशे किलोमीटरपलीकडून क्षितिजाखाली बुडतो. लाल भाग चारशे किलोमीटरवर असेल तर तो सव्वादोन हजार किलोमीटरवरूनही डोकावतो. मे 2024 मध्ये सूर्यावरच्या एका प्रचंड डागसमूहातून एकामागून एक उसळलेले लोट पृथ्वीवर आले. 2003 नंतरचं सगळ्यात जोराचं चुंबकीय वादळ झालं आणि ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा नेहमीपेक्षा खूप दक्षिणेकडे सरकला. तरी तो हानलेपासून दूरच होता. हानलेच्या कॅमेऱ्याला दिसलं ते त्याचं फक्त शीड. लाल! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लडाखमध्ये तो पुन्हा टिपला गेला.

माणसांच्या डोळ्यांना? लाल रंग, तोही इतका मंद, नुसत्या डोळ्याला नीट कळणं कठीणच. फोटोत दिसतो तसा लालभडक तर नाहीच. तो साठवला कॅमेऱ्याने.

हे सगळं सांगून झालं तेव्हा त्या मुलाने दप्तरातून घडी केलेलं चित्र काढलं. कोपरे मुडपले होते. आम्ही ते भिंतीवर लावलं. खाली काय लिहायचं, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी त्यानेच लिहिलं: ‘हानले, लडाख. 10-11 मे 2024. कॅमेऱ्याने पाहिलेलं.’

तेवढ्यावर तास संपायचा, पण मी बोलता बोलता सांगून गेले की 4 फेब्रुवारी 1872 च्या रात्री असंच एक महावादळ झालं होतं आणि तेव्हा ध्रुवीय प्रकाश आपल्या मुंबईतूनही दिसल्याची नोंद आहे. मुंबईहून एडनला जाणारी समुद्राखालची तारही त्या वेळी बिघडली होती.

“मुंबईतून?” सगळे एकदम ओरडले. पाढेवाली मुलगी म्हणाली, “बाई, मग त्याचा फोटो कुठे आहे?”

“नाही गं. ट्रॉमहोल्ट मास्तरांना दहा वर्षांनी, तेही नॉर्वेत राहून, जमला नाही. तेव्हाच्या प्लेटांवर तो उमटलाच नसता. पाहिलेल्यांनी लिहून ठेवलं, तेवढंच.”

तिने जरा विचार केला आणि चित्रकलेची वही उघडली. “मुंबईत तेव्हा गेटवे होतं का, बाई?”

“नव्हतं,” मी म्हटलं. “ते नंतर बांधलं.”

“मग नुसता समुद्र काढते,” असं म्हणत तिने लाल खडू शोधायला घेतला.